अजून न उठलेली नदी

निळ्याबाईंना हल्ली निळा रंग बघितला की तोंड फिरवावंसं वाटायचं आणि ही गोष्ट त्या कोणाला सांगू शकत नव्हत्या, कारण त्यांचं नावच त्या रंगावरून पडलं होतं. मातीच्या टाइल्सवर चित्रं रंगवायची आणि भट्टीत भाजून काढायची हे त्यांचं लग्नाआधीपासूनचं काम. शहरात कुठेही जा, बँकेच्या जिन्यात, पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर, कोपऱ्यावरच्या बेकरीत गल्ल्यामागे, त्यांची निळी नदी वाहत असायची. नदीत एक होडी, वर थोडे पक्षी, काठाला गवत. लोक येऊन म्हणायचे, बेकरीत आहे अगदी तशीच द्या. बाई तशीच द्यायच्या. असं करता करता एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की आता आपल्याला दुसरी कुठली देताच येत नाही.

एरवी हे चालून गेलं असतं. पुष्कळ माणसं एकच काम आयुष्यभर करतात आणि सुखाने जेवतात. बाईंचंही तसं बरं चाललं होतं. पण मध्ये नवऱ्याच्या डोळ्यांचं प्रकरण आलं.

नवरा म्हणजे निरीक्षक. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गल्लीतली माणसं त्यांना निरीक्षकच म्हणत. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांचा जन्म गेला आणि निवृत्तीनंतर ते कविता करू लागले. या दोन कामांत काही फरक असतो हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. ओळ लिहायची, बोटांवर मोजायची, कमी भरली की तिच्यात एक ‘अहा’ टाकायचा. जास्त भरली की एखादा शब्द काढून घ्यायचा, मग तो नेमका क्रियापद का असेना. दर शनिवारी त्यांचं एक कविमंडळ भरे. तिथे सगळे एकमेकांना वा वा म्हणत, त्यामुळे कोणाचंच काही सुधारत नसे आणि सगळे खुशीत घरी येत.

त्यांची नदीवरचीही एक कविता होती. बायको नद्या रंगवते म्हटल्यावर असायचीच.

‘हे नदी, तू किती गं मोठी,
अहा, तुझ्या काठी गोटीच गोटी!’

नदीकाठी गोटे असतात, गोट्या मुलं खेळतात, असं बाईंनी एकदाच सुचवून पाहिलं होतं. त्यावर निरीक्षकांनी यमक नावाची एक वस्तू असते असं त्यांना सांगितलं. तेव्हापासून बाईंनी या विषयाकडे कानाडोळा केला. संसारात काही ठिकाणी तो करावाच लागतो.

तर डोळे. निरीक्षकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, आधी एक करू, मग दुसरा करू, पण फार लांबवू नका, जास्त पिकला की काढायला त्रास होतो. निरीक्षकांनी मान डोलावली आणि घरी येऊन विषय बदलला. जन्मभर लोकांच्या दुकानात बेधडक घुसलेला हा माणूस डोळ्याजवळ कोणी सुई आणणार म्हटल्यावर गारठला होता. आज सर्दी आहे, उद्या मंडळाचं संमेलन आहे, परवा हवा बरी नाही. त्यांनी कारणांचा एक पाढाच तयार ठेवला होता.

शेवटी बाईच त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे बोलता बोलता डॉक्टरीणबाईंनी त्यांना आतली एक खोली दाखवली. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची ती खोली. एक खुर्ची आणि समोर कोरी भिंत, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणसाला किती तरी दिवसांनी नीट दिसतं आणि पहिल्यांदा दिसतं काय तर मलमाची ट्यूब, मला लाजच वाटते. इथे तुमची एखादी नदी लावून द्याल का?

बाई काही बोलायच्या आत मागून निरीक्षक बोलले.

“मग ठरलं. माझा डोळा त्या नदीसमोरच उघडायचा. आधी हिची भिंत, मग माझं ऑपरेशन.”

बाईंना नवऱ्याची चाल कळली. आणखी एक कारण सापडलं म्हणून स्वारी खूश होती. पण ते बोलताना त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, तोही बाईंना कळला. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतंच. निम्मी पळवाट होती आणि निम्मं खरं होतं आणि त्या खऱ्या निम्म्यानेच पुढे बाईंची झोप उडवली.

कारण भिंत होईना.

घराच्या मागच्या बाजूला बाईंची कामाची खोली होती. लांब टेबल, खिडकीखाली रंगांच्या बरण्या, कोपऱ्यात भट्टी. भिंतीच्या मापाच्या टाइल्स एकदा भाजून, कोऱ्या, टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. बाई सकाळी ब्रश घेऊन बसत, हात आपोआप चालू लागे आणि तासाभरात टेबलावर बेकरीतली नदी येऊन बसे. तीच होडी, तेच पक्षी. बाई ओला स्पंज घेत आणि सगळं पुसून टाकत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोंगर काढून पाहिला, तर डोंगराच्या पायथ्याशी नदी आली. झाड काढलं, तर ते नदीकाठी उभं राहिलं. हात काही केल्या ऐकेना. एखाद्या माणसाची पट्टी सुटेल, तो जीव मुठीत धरून डोळा उघडेल आणि त्याला काय दिसेल, तर पावाच्या दुकानातली भिंत. बाईंना ते सोसवत नव्हतं.

त्यांनी काय काय केलं नाही. जुनी चित्रं काढून बघितली. नवे ब्रश आणले. खोली झाडली, बरण्या पुसल्या, टेबल खिडकीकडून दाराकडे सरकवलं आणि परत खिडकीकडे आणलं. काम सुचत नसलं की माणसाच्या घराची फार स्वच्छता होते.

इकडे निरीक्षक दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेत होते. चहा कपाच्या शेजारी ओतत होते. एकदा त्यांनी खुंटीवरच्या रेनकोटाला “या, बसा” म्हटलं आणि तो बसेना म्हणून रागावलेही. त्यांना स्वतःचं अक्षरही दिसेनासं झालं होतं. कागदावर एका ओळीवर दुसरी ओळ चढायची आणि दोघींचा मिळून गुंता व्हायचा. म्हणून दुपारच्या चहानंतर कविता सांगायच्या त्यांनी आणि लिहून घ्यायच्या बाईंनी, असं ठरलं. बाई लिहून घेत होत्या. मोठी, गोटी, अहा, सगळं. त्यांना हसू यायचं आणि त्याच वेळी आतून टोचायचं, की हा माणूस माझ्या भिंतीपायी आंधळा होत चाललाय आणि मी स्पंज फिरवत बसलेय.

एकदा त्या बोलल्याही, की भिंतीचं राहू द्या, तुम्ही आधी ऑपरेशन करून घ्या.

“ठरलंय ते ठरलंय,” निरीक्षक म्हणाले. “मी माप बदलत नसतो.”

आता इथे कच्च्या रंगाबद्दल जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टाइलवर लावायचा निळा रंग लावताना निळा नसतो. तो असतो फिकट जांभळट, धुळकट, तोंडाला फासायच्या पावडरीसारखा. त्याच्यावर काचेचा लेप चढतो, टाइल पुन्हा भट्टीत जाते आणि आगीतून बाहेर येते तेव्हा तो गर्द निळा झालेला असतो. हे काम करणारी माणसं समोरचा रंग बघतच नाहीत. ती पुढे होणारा रंग मनात धरून ब्रश चालवतात. बाईंनी इतकी वर्षं तो जांभळट रंग रोज हाताळला होता आणि एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

निरीक्षकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते कामाच्या खोलीत फक्त भट्टी उघडायच्या दिवशी यायचे. माल तयार झाल्यावर तपासायचा, ही त्यांच्या खात्याची पद्धत. मधल्या वेळी दुकानदाराच्या पाठीशी उभं राहिलं की तो गोंधळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रंगवलेली पण पुन्हा न भाजलेली टाइल त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

त्या दिवशी सकाळी बाईंनी हार मानली. देऊ बेकरीतलीच, असं म्हणून त्यांनी भराभर तीच नदी रंगवली. होडी काढायची बाकी होती, तेवढ्यात रंगाची बरणी रिकामी झाली. बाई चडफडत बाजारात गेल्या. निरीक्षक चष्मा शोधत घरभर फिरत होते, ते फिरत फिरत कामाच्या खोलीत गेले.

बाई परत आल्या आणि दारातच थबकल्या. टेबलावरच्या नदीवरून कोणीतरी तळहात फिरवला होता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, अगदी लाडाने फिरवावा तसा. कच्चा रंग म्हणजे नुसती भुकटी, हाताला लागून निघून येते. अर्धं पाणी पुसलं गेलं होतं. बाईंचं डोकं तापलं. चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. चोर बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, त्याचा तळहात जांभळट होता, कपाळावर आणि चष्म्याच्या काचेवरही जांभळे ठसे होते आणि तो इतका आनंदात होता की बाईंना रागवायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

“झाली म्हणायची तुझी भिंत,” निरीक्षक म्हणाले. “मी पाहून आलो. तू बोलली नाहीस. कागद घे, मला कविता झालीये. पण आधीच सांगतो, यमक नाही हिच्यात. जुळवायला गेलो तर निसटत होती.”

अजून काही झालेलं नाही, तुम्ही कच्च्या रंगावर हात फिरवून आलात, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण राग आला की त्यांना आधी बसावं लागे. त्या बसल्या आणि सवयीने कागद पुढे ओढला. आधी लिहून घेऊ, मग झाडू, असा विचार त्यांनी केला असावा. निरीक्षक डोळे मिटून सांगू लागले. या वेळी ते बोटांवर मोजत नव्हते.

‘टेबलावर नदी निजली होती.
दुधात चहाचा एकच थेंब पडावा, तसा रंग.
मी हात फिरवला तरी उठली नाही.
उठू दे सावकाश.
आधी पाणी उठतं,
मग त्याचा निळा उठतो.’

“पुढे?” बाईंनी विचारलं.

पुढे काही नाही, एवढीच आहे, जरा लहान भरली, असं निरीक्षक ओशाळून म्हणाले. हवं तर शेवटी एक अहा टाकता येईल.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. अक्षर त्यांचंच होतं, पण त्या ओळी जणू दुसऱ्याच कोणी सांगितल्यासारख्या वाटत होत्या. इतक्या वर्षांत या माणसाने वहीभर कविता केल्या आणि त्यांतली एक ओळसुद्धा बाईंना कामाच्या खोलीत आठवली नव्हती. आणि आता हे. त्या उठल्या, आत गेल्या आणि टेबलाजवळ उभ्या राहिल्या. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. टेबलावर फिकट, धुळकट पाणी पसरलं होतं. नवऱ्याच्या हाताने मधूनमधून पुसलेलं, ना धड जांभळं ना धड राखाडी. ते सुंदर होतं. बाईंना एकदम रडू आलं. रोज माझ्या हातातून जात होतं, त्या मनात म्हणाल्या, आणि मी रोज ते जाळून निळं करत होते.

त्या बाहेर आल्या तेव्हा निरीक्षकांना काहीतरी बिघडल्याची शंका आली होती. ते जांभळ्या तळहाताचा वास घेऊन बघत होते. मग बाईंनी सगळं सांगितलं. रंग अजून भाजलेला नाही, दिसतो तो खरा नाही, आगीत गेल्यावर तो निळा होतो, बेकरीसारखा.

निरीक्षकांचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी पाहिली ती नदी नव्हतीच,” ते म्हणाले. “फाड तो कागद. खोटं माप झालं.”

“नाही फाडणार.”

“अगं, जे नाहीच त्याच्यावर कविता कशी चालेल?”

“तुम्ही पाहिलीत ना? मग आहे,” बाई म्हणाल्या. “नसेल तर मी करते. तुम्ही फक्त हात धुऊन या आणि कुठे कुठे हात लावलाय ते सांगा.”

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला वेड म्हणावं लागेल, पण आनंदाचं वेड. कच्चा रंग भाजल्यावरही कच्चाच दिसावा, असं बाईंना करायचं होतं आणि आग काही कोणाचं ऐकत नाही. निळ्याची बरणी त्यांनी फळीवर उलटी करून ठेवली. मँगनीजचा रंग पाण्यासारखा पातळ करून लावला, तो भट्टीतून वांग्याच्या सालीसारखा निघाला. त्याच्यात पांढरा मिसळला, तर दंतमंजन झालं. लोखंडाचा गंज चिमटीभर टाकला, तर चहा फारच झाला आणि दूध गेलं. बोटाएवढ्या तुकड्यांवर प्रयोग करायचे, भाजायचे, खिडकीत ओळीने ठेवायचे आणि वर टाचलेल्या कवितेखाली धरून बघायचे. कवितेखाली रंग धरून बघताना कोणी पाहिलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. पण बाईंना तोच एक नमुना होता. निरीक्षकांना विचारून उपयोग नव्हता. त्यांना प्रत्येक तुकडा तोच वाटायचा. शेवटी फिकट, धुळकट असा एक तुकडा निघाला आणि तो बाईंना पटला.

हे होत असताना नदीतून एकेक वस्तू आपोआप निघून गेली. होडी काढायला बाईंनी ब्रश उचलला आणि त्यांना वाटलं, पाणीच अजून उठलं नाही तर होडीवाला कशाला उठेल? होडी गेली. मग पक्षी गेले. गवत राहिलं, पण खाली झुकलेलं, अंगावर दव असल्यासारखं जड. उरलं फक्त पाणी, भिंतभर. आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, काठाशी, बाईंनी निळ्याची बरणी सरळ केली आणि ब्रशाचं नुसतं टोक तिच्यात बुडवलं. मग त्याच्यात इतकं पाणी घातलं की रंग आहे की नाही अशी शंका यावी. तेवढाच निळा त्यांनी तिथे ठेवला.

त्या दिवसांत बाई गुणगुणत असत. स्वयंपाक करपे, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. कवितेच्या लेखनिक म्हणून दुपारी त्या वेळेवर हजर राहत आणि निरीक्षकांनी अहा टाकला की वही मिटून म्हणत, हे काढा, त्याच्याशिवाय चालतं. निरीक्षक कुरकुरत काढत. हळूहळू त्यांना त्यातही चव येऊ लागली. शनिवारी मंडळात त्यांनी नदीची नवी कविता म्हटली तेव्हा कोणीच वा वा म्हटलं नाही. सगळे गप्प बसून राहिले आणि निरीक्षक काळजीत पडून घरी आले. बाईंनी त्यांना समजावलं, की तीच खरी वा वा होती.

भट्टी उघडायच्या दिवशी निरीक्षक रिवाजाप्रमाणे तपासायला आले. त्यांनी वाकून वाकून पाहिलं आणि कबूल केलं, की आता त्यांना फक्त एक फिकट ढग दिसतोय. बाईंनी त्याच दिवशी दवाखान्यात निरोप धाडला.

टाइल्स भिंतीवर बसल्या. गवंड्याने फटी भरल्या, कॅलेंडर निघालं. डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वभावाप्रमाणे स्पष्टच सांगितलं. चित्र छान आहे, माझ्या घरी असतं तर मी रोज बघितलं असतं. पण इथे? पेशंट पट्टी सुटल्यावर चमकदार काही दिसेल या आशेने डोळा उघडतो. त्याला असं धुक्यातलं पाणी दिसलं तर तो म्हणेल, ऑपरेशन फसलं, मला अजून अंधुकच दिसतंय. नेहमीची निळी का नाही केली?

हा विचार बाईंच्या डोक्यातच आला नव्हता. त्यांनी नदीचा विचार केला, कवितेचा केला, खुर्चीत बसणाऱ्याच्या भीतीचा केलाच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की पहिला पेशंट आमच्याच घरचा आहे. त्याला अंधुक वाटली तर मी स्वतः छिन्नी घेऊन येईन आणि बेकरीतली लावून देईन.

डॉक्टरीणबाईंनी मान्य केलं. निरीक्षकांच्या कारणांचा पाढा संपलेला होता. ते ऑपरेशनला गेले तेव्हा त्यांनी बाईंचा हात इतका घट्ट धरला होता की तो सोडवायला नर्सला यावं लागलं. प्रत्यक्षात सगळं इतक्या लवकर उरकलं, की बाहेर आल्यावर त्यांना जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना त्या खुर्चीत बसवलं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, नदीच्या कडेला. डॉक्टरीणबाईंनी चिकटपट्टी सोडवली, कापूस काढला आणि सावकाश उघडा म्हणाल्या.

निरीक्षकांनी डोळा उघडला. त्यांनी समोर पाहिलं आणि पाहतच राहिले. चेहऱ्यावर काही उमटेना. डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे एक नजर टाकली. बाईंनी मनातल्या मनात छिन्नी उचलली.

“ही ती नदी नाही,” निरीक्षक म्हणाले.

बाई भिंतीपासून बाजूला झाल्या.

“मी पाहिली ती चहाच्या रंगाची होती. हिच्यात चहाचा थेंबसुद्धा नाही. ही तर...” ते थांबले. जन्मात त्यांना शब्दाची वाट बघावी लागली नव्हती, हाताला येईल तो टाकून ते ओळ पुरी करत. आता ते तोंड अर्धवट उघडं ठेवून शब्द शोधत होते आणि तो मिळत नव्हता. मग त्यांनी हात वर केला, उजवीकडे. “तिकडे उठतोय बघ. निळा. त्या कोपऱ्यात.”

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या, वाकल्या, त्यांनी कोपरा निरखून पाहिला. तिथे निळा आहे हे त्यांना इतके दिवस दिसलं नव्हतं. मोतीबिंदूतून सगळं चहासारखं पिवळट दिसतं, तो निघाला की निळा फार लवकर दिसतो, त्या पुटपुटल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

निरीक्षकांनी मात्र आता भलताच उद्योग मांडला होता. त्यांनी तळहाताने नवा डोळा झाकला आणि जुन्या डोळ्याने भिंतीकडे पाहिलं. मग जुना झाकला आणि नव्याने पाहिलं. पुन्हा तसंच. तराजूची दोन्ही पारडी तपासावीत तसं त्यांचं चाललं होतं. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“ह्या डोळ्याने बघितलं की माझी नदी आहे,” ते म्हणाले, “आणि ह्याने बघितलं की तुझी. दोन्ही आहेत गं. माप दोन्हींचं बरोबर आहे.”

मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळून अजिजीने म्हणाले, की दुसऱ्या डोळ्याची तारीख जरा पुढची द्या, माझी नदी मला आणखी थोडे दिवस हवी आहे. डॉक्टरीणबाईंनी हे कारण मात्र आजवर कोणाकडून ऐकलं नव्हतं. त्यांनी हसू दाबत पुढच्या महिन्यातली तारीख लिहिली. जाताना त्या भिंतीवरून उतरवलेल्या कॅलेंडरची गुंडाळी काखेत मारून घेऊन गेल्या.

खोलीत दोघंच उरली. बाई नवऱ्याच्या खुर्चीजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि जिथून पेशंट बघणार तिथून त्यांनी पहिल्यांदा भिंतीकडे पाहिलं. पाणी शांत पडलं होतं. ते आपण केलंय हे त्यांना खरं वाटेना आणि तरी फार बरं वाटत होतं.

निरीक्षकांनी त्यांची बाही ओढली. “कागद आहे का? लिहून घे, पहिली ओळ आलीये.”

बाईंनी पिशवीतून कागद आणि पेन काढलं आणि ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“तुम्हीच लिहा,” त्या म्हणाल्या. “आता तुम्हाला दिसतंय.”